नवी नोकरी फारच संथ वाटतेय? औषध कंपनीच्या लॅबमध्ये नव्याने लागलेल्यांनी राजीनाम्याआधी काय तपासावं

गोव्यातल्या वेर्ण्याच्या एका औषध कंपनीत क्यूसीला (औषधाचा दर्जा तपासणाऱ्या विभागात) लागले, तेव्हा पहिले सात आठवडे मी एचपीएलसीला (औषधातले घटक वेगळे करून मोजणाऱ्या उपकरणाला) हात लावला नव्हता. शिफ्टची बस सकाळी औद्योगिक वसाहतीत सोडायची, मी ट्रेनिंग रूममध्ये जाऊन बसायचे आणि एसओपी (कुठलं काम कसं करायचं याच्या लेखी पद्धती) वाचायचे. एक वाचून झाली की सही, सही झाली की पुढची. त्याआधी दीड वर्ष मी एका लहान टेस्टिंग लॅबमध्ये होते आणि तिथे चौथ्या दिवशी माझ्या हातात सॅम्पल होतं. दिवसाला आठ-दहा सॅम्पल उरकणाऱ्या मुलीला कुणीतरी शाळेच्या बाकावर परत बसवावं, तसं मला वाटत होतं.

सावंतवाडीला फोन केला की आई म्हणायची, "बाय, बसान पगार गावता मां, मगे तक्रार कसली?" तिचं चुकत नव्हतं. पण चोवीस-पंचविसाव्या वर्षी नुसतं बसून राहण्याची भीती काय असते, ते पगाराच्या आकड्यावरून कळत नाही. हात विसरतील, बरोबरचे पुढे जातील, पुढच्या मुलाखतीत सांगायला काही उरणार नाही, या विचारांनी झोप लागायची नाही.

आठव्या आठवड्यात मी राजीनामा टाइप केला, पण दिला नाही. पुढे त्याच कंपनीत साडेतीन वर्षं काढली. त्यानंतरची नोकरीही अशीच संथ निघाली आणि ती मात्र मी सात महिन्यांत सोडली. दोन्ही निर्णयांबद्दल आज मला खात्री आहे. मनातली तगमग दोन्ही वेळी सारखीच होती, म्हणून तिच्यावर विसंबून ठरवू नका. मी काय तपासलं आणि काय तपासायला उशीर केला, ते क्रमाने लिहिते. बीएस्सी, एमएस्सी किंवा बी. फार्म. करून क्यूसी, क्यूए (दर्जाची व्यवस्था आणि कागदपत्रं सांभाळणारा विभाग) किंवा प्रॉडक्शनमध्ये नव्याने लागलेल्यांना ते थेट लागू पडेल.

१. मंदपणा नेमका कशाचा आहे, ते ओळखा

काही मंदपणा या धंद्याच्या पोटातच आहे. स्टॅबिलिटीचंच, म्हणजे औषध किती काळ टिकतं त्या तपासणीचंच घ्या. नव्या गोळीचं अ‍ॅक्सिलरेटेड स्टॅबिलिटी स्टडी म्हणजे ४० अंश सेल्सिअस आणि ७५ टक्के आर्द्रता असलेल्या चेंबरमध्ये सहा महिने. साध्या साठवणुकीच्या परिस्थितीतलं लाँग टर्म स्टडी पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी, दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी आणि पुढे वर्षातून एकदा तपासायचं. सहा महिने म्हणजे सहा महिनेच, तुम्ही कितीही हुशार असा. एचपीएलसीचा कॉलम (घटक वेगळे करणारी नळी) स्थिर व्हायला वेळ लागतो, सिस्टिम सुटॅबिलिटीची (उपकरण ठीक चालतंय का ते बघण्याची) पाच-सहा इंजेक्शनं जाऊन आरएसडी (त्यांच्या निकालांतला फरक) मर्यादेत आला की मगच सॅम्पल लावायचं. हा वेळ खाणारा साहेब कुणी नसतो. असाच मंदपणा तुम्हाला पुढच्या चांगल्या कंपनीतही भेटणार आहे.

दुसरा मंदपणा नवखेपणाचा. मोठ्या कंपनीत ट्रेनिंग रेकॉर्ड पूर्ण झाल्याशिवाय उपकरणाला हात लावता येत नाही. त्यानंतर अ‍ॅनालिस्ट क्वालिफिकेशन असतं: आधी तपासून झालेलं सॅम्पल तुम्ही पुन्हा तपासायचं आणि तुमचा निकाल जुन्या अ‍ॅनालिस्टच्या निकालाशी ताडून बघायचा. टेस्ट बदलली की पुन्हा तेच. पहिले दोन-तीन महिने यात जातात आणि मग ते संपतं. संपतं, हे महत्त्वाचं.

तिसरा मंदपणा माणसांचा. सेक्शन हेडला नव्या माणसावर काम सोपवायला भीती वाटते, किंवा कुणाला काय द्यायचं याचं नियोजनच नसतं. जुने अ‍ॅनालिस्ट रात्री आठपर्यंत थांबतात आणि नवे दुपारी तीनला रिकामे, असं दिसलं तर दुखणं इथे आहे. यावर बहुतेक वेळा बोलून उपाय निघतो.

चौथा कंपनीचा. ऑर्डर नाही, परवाना अडकलाय, प्लांट अर्धवट आहे. इथे सगळेच रिकामे असतात आणि "पुढच्या महिन्यात सुरू होईल" हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं.

ओळखायची सोपी खूण अशी: तुमच्या आधी वर्षभर लागलेला माणूस शोधा आणि त्याचा दिवस कसा जातो ते आठवडाभर बघा. तुमचं पुढचं वर्ष बहुतेक तसंच जाणार आहे. मी हे आठव्या आठवड्यात केलं. माझ्याआधी वर्षभर लागलेली मुलगी तेव्हा एका ओओएसच्या तपासात बसली होती. निकाल मर्यादेबाहेर का गेला, ते ती पिपेटपासून इंटिग्रेशनपर्यंत (आलेखावरून आकडा काढण्यापर्यंत) एकेक पायरी मागे जाऊन शोधत होती. लहान लॅबमधल्या दीड वर्षात असा तपास मी एकदाही पाहिला नव्हता. राजीनाम्याची फाइल मी त्याच संध्याकाळी पुसली.

२. आधीच्या नोकरीतला वेग कुठून येत होता, ते स्वतःला विचारा

ही पायरी लोक गाळतात. मला ती सगळ्यात जड गेली.

माझ्या जुन्या लॅबमध्ये वजनं आधी कच्च्या कागदावर लिहायची आणि संध्याकाळी फेअर करायची पद्धत होती. सॅम्पलचं एखादं इंजेक्शन आधी "बघण्यापुरतं" मारायचं आणि निकाल बरा दिसला की मग खरा रन लावायचा. पीएच मीटरचं रोजचं कॅलिब्रेशन आठवड्याचं एकदम भरलं जायचं. आम्ही कुणी वाईट माणसं नव्हतो. आम्हाला तसंच शिकवलं होतं आणि काम भराभर व्हायचं. वेर्ण्याला डेटा इंटेग्रिटीच्या (नोंदी खऱ्या आणि पूर्ण ठेवण्याच्या) ट्रेनिंगमध्ये बसल्यावर कळलं, की ज्याला मी माझा वेग समजत होते त्यातला बराचसा या गाळलेल्या पायऱ्यांचा होता. नोंद ज्या क्षणी काम होतं त्याच क्षणी, मूळ पानावर, करणाऱ्याच्याच हाताने झाली पाहिजे. यूएसएफडीएचे (अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेचे) तपासनीस येतात तेव्हा सॉफ्टवेअरचा ऑडिट ट्रेल (कुणी, कधी, काय केलं याची आपोआप होणारी नोंद) उघडून बसतात आणि त्यात ते "बघण्यापुरतं" मारलेलं इंजेक्शन तारीख-वेळेसकट दिसतं.

इतकी काटेकोरी कशासाठी, ते एका घटनेवरून कळतं. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९८६च्या सुरुवातीला ग्लिसरॉल दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विषारी रसायन होतं. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली. आजही ग्लिसरॉलचं ड्रम आलं की त्या एका अशुद्धीची टेस्ट करावीच लागते, आणि ती करताना मला तो प्रसंग आठवतो. आपल्या देशात औषधनिर्मितीचे नियम ज्यात आहेत ते शेड्यूल एम सरकारने डिसेंबर २०२३मध्ये नव्याने लिहून आणखी कडक केलं. म्हणजे आज ज्या लहान कंपन्या वेगवान वाटतात, त्यांनाही याच वाटेने जायचं आहे.

तेव्हा जुन्या नोकरीतल्या एका दिवसाचं काम आठवा आणि त्यातली कुठली पायरी आज करायला तुमचा हात धजणार नाही, ते मोजा. उरेल तो तुमचा खरा वेग.

उलटंही खरं आहे. जुन्या ठिकाणी सगळं नियमाने व्हायचं आणि तरीही झपाट्याने व्हायचं, असं तुमचं उत्तर असेल, तर नव्या ठिकाणी पाणी कुठेतरी मुरतंय. मग पुढच्या पायऱ्या जास्त लक्ष देऊन करा.

३. तीन आठवडे घरी वही ठेवा

रोज रात्री तीनच ओळी लिहायच्या: आज काय केलं, कशासाठी थांबले, नवीन काय कळलं. माझ्या अठरा कामाच्या दिवसांत अकरा दिवस ट्रेनिंगचे निघाले, चार क्वालिफिकेशनच्या रनचे, आणि खरोखर रिकामे तीन. मला तर महिनाभर रिकामीच बसलेय असं वाटत होतं.

"कशासाठी थांबले" या ओळीत दर दोन दिवसांनी उत्तर बदलत असेल (कधी आयडी तयार नव्हता, कधी कॉलम मोकळा नव्हता, कधी नोंदी तपासणारा रिव्ह्यूअर रजेवर), तर ती मोठ्या कंपनीची नेहमीची अडगळ समजा. रोज एकच उत्तर येत असेल तर ते अधोरेखित करा. चौथ्या पायरीत तेच विचारायचं आहे.

एक धोका सांभाळा. ही वही तुमची स्वतःची आणि घरीच ठेवायची. लॅबमध्ये कच्च्या चिठ्ठीवरसुद्धा काही लिहून खिशात टाकू नका, सुट्या कागदावरची नोंद हा तिथे थेट गुन्हा धरला जातो. प्रॉडक्टचं नाव, बॅच नंबर, निकाल यांतलं काहीही वहीत नको.

४. काम मागा, पण नाव घेऊन मागा

"मॅडम, मला काही काम नाहीये," हे वाक्य मी दोनदा म्हटलं आणि दोन्ही वेळा मला फाइलिंग मिळालं. तिसऱ्यांदा डिसोल्युशनचं, म्हणजे गोळी किती वेगाने विरघळते ते बघणाऱ्या टेस्टचं नाव घेऊन विचारलं: "मॅडम, माझं डिसोल्युशनचं ट्रेनिंग झालंय. क्वालिफिकेशनसाठी कुठली बॅच देता येईल आणि साधारण कधी?" मॅडमनी तिथल्या तिथे प्लॅनर उघडला. सेक्शन हेडच्या डोक्यात पंचवीस सॅम्पल आणि चार डेडलाइन असतात, तुमचा रिकामा दिवस तिथे कुठेच नसतो. एक टेस्ट आणि एक तारीख मागितली की त्यांना ते कुठेतरी बसवता येतं.

क्वालिफिकेशन होईपर्यंतही मागण्यासारखं पुष्कळ असतं. रिव्ह्यूअरशेजारी बसून तो रॉ डेटात (मूळ नोंदींत) काय शोधतो ते बघण्याची परवानगी मागा. दोन दुपारी त्याच्याशेजारी बसलात, तर एसओपीच्या गठ्ठ्यातून कळलं नसतं ते कळेल. एखाद्या डेव्हिएशनचा (ठरलेली पद्धत कुठे मोडली त्याचा) तपास चालू असेल तर ऐकायला बसू द्या म्हणा. उपकरणाची सर्व्हिस करायला कंपनीचा इंजिनिअर येतो, तेव्हा त्याच्या मागे उभे राहा. पंप उघडा पडलेला बघायची संधी रोज येत नाही.

बोलणं झालं की दोन ओळींचा मेल टाका, "आज ठरल्याप्रमाणे" असं लिहून. भांडणासाठी नाही, तारीख दोघांच्याही लक्षात राहावी म्हणून.

५. प्रोबेशन संपण्याआधीची एक तारीख ठरवा

आता नेमणूकपत्र काढा. प्रोबेशन बहुधा सहा महिन्यांचं असतं आणि त्या काळातला नोटीस पिरियड लहान, पंधरा दिवस किंवा महिना. कन्फर्म झालात की तोच दोन-तीन महिने होतो. तीन महिन्यांची नोटीस असलेल्या नवख्या अ‍ॅनालिस्टसाठी पुढची कंपनी थांबतेच असं नाही. म्हणून निर्णयाची तारीख कन्फर्मेशनच्या निदान महिनाभर आधीची ठेवा. त्या तारखेपर्यंत रोज उठून "सोडू का, राहू का" करायचं नाही. त्या दिवशी मात्र बसून ठरवायचंच.

इथे मी दुसऱ्या नोकरीत चूक केली. ती संभाजीनगरजवळच्या एका नव्या प्लांटची होती. पद वरचं, पगार वाढलेला, घरून आशीर्वाद. गेले तर लॅबमध्ये उपकरणं खोक्यांत. पहिल्या महिन्यात साहेब म्हणाले, इन्स्टॉलेशन पुढच्या महिन्यात. तिसऱ्या महिन्यात विचारलं, तेच उत्तर. पाचव्या महिन्यातही तेच, शब्दसुद्धा बदलले नव्हते. वरच्या चौथ्या प्रकारचा मंदपणा समोर होता, पण वेर्ण्याला थांबून भलं झालं होतं, म्हणून मी इथेही थांबत राहिले. प्रोबेशन संपलं, कन्फर्मेशनचं पत्र आलं आणि महिन्याची नोटीस दोन महिन्यांची झाली. सातव्या महिन्यात राजीनामा दिला, तेव्हा हातात आलेली एक ऑफर त्या जादा महिन्यामुळे निसटली होती.

म्हणून ही चाचणी: पहिल्या महिन्यात विचारलेला प्रश्न तिसऱ्या महिन्यात जसाच्या तसा विचारा. उत्तर पुढे सरकलं असेल, थोडंसं का होईना, तर थांबण्यात अर्थ आहे. अक्षरशः तेच उत्तर आलं तर अर्ज पाठवायला लागा.

प्रॉडक्शनमधल्या मुलांना यात आणखी एक गोष्ट बघावी लागते. राज्याच्या एफडीएकडून (अन्न व औषध प्रशासनाकडून) मान्यताप्राप्त केमिस्ट व्हायचं, तर फार्मसीच्या पदवीधराला औषधनिर्मितीचा १८ महिन्यांचा आणि रसायनशास्त्राच्या पदवीधराला तीन वर्षांचा प्रत्यक्ष अनुभव लागतो. जिथे बॅचच निघत नाहीत, तिथे काढलेले महिने या हिशेबात कुठे धरणार?

६. सोडण्याआधी हे कागद समोर ठेवा

- नेमणूकपत्र: नोटीस पिरियड, नोटीसऐवजी पगार भरण्याची सोय आहे का, जॉइनिंग बोनस किंवा सामान हलवण्याचा खर्च परत द्यावा लागतो का.
- बाँड किंवा सर्व्हिस अ‍ॅग्रीमेंट, सही केलं असेल तर.
- आतापर्यंतच्या सगळ्या पगारपावत्या.
- यूएएनचं (पीएफच्या कायम क्रमांकाचं) पासबुक: पीएफ दरमहा खरंच भरला जातोय का.
- आधीच्या कंपनीचं रिलीव्हिंग आणि अनुभवाचं पत्र.
- मूळ गुणपत्रिका. काही लहान कंपन्या त्या ठेवून घेतात. ठेवून घेतल्या असतील, तर राजीनाम्याचा विषय निघण्याआधी परत मागा.

बाँडबद्दल हॉस्टेलवर एक वाक्य फिरत असतं, "बाँडला कोर्टात काही अर्थ नसतो." त्यावर विसंबू नका. एका सरकारी बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२५मध्ये तीन वर्षं नोकरी, नाहीतर दोन लाख रुपये, ही अट वैध धरली. याचा अर्थ प्रत्येक कंपनीचा प्रत्येक बाँड वैध आहे असाही नाही, रक्कम वाजवी असावी लागते. तुमच्या बाँडमध्ये मोठा आकडा असेल तर सही करण्याआधी वकिलाला दाखवा, आणि सही आधीच झाली असेल तर राजीनामा देण्याआधी.

पीएफ काढून घेण्याचा मोह टाळा. नोकरी बदलली तरी यूएएन तोच राहतो आणि जुनी रक्कम नव्या खात्यात वळवता येते. सलग पाच वर्षं नोकरी पूर्ण होण्याआधी काढली तर ती करपात्र ठरते. रक्कम वळवली की जुन्या नोकरीचा काळही या पाच वर्षांत धरतात.

कंपनीचा आरोग्य विमा बहुतेक ठिकाणी शेवटच्या दिवशी संपतो. स्वतःची नवी पॉलिसी घेतली तरी अपघात सोडून बाकी आजारांना पहिले ३० दिवस संरक्षण नसतं. आईवडील तुमच्या विम्यात असतील, तर ही पॉलिसी राजीनाम्याआधीच सुरू करा. मी केली नव्हती. नोटीस संपल्यावर दोन आठवड्यांनी बाबांना अचानक रुग्णालयात दाखल करावं लागलं आणि सगळा खर्च खिशातून गेला.

हातात किती महिन्यांचं भाडं आणि मेसचे पैसे आहेत तेही लिहून काढा. दुसरी ऑफर लेखी आल्याशिवाय राजीनामा द्यायचा असेल, तर निदान चार महिन्यांचे असावेत, असं माझं मत.

७. सोडायचंच ठरलं तर

राजीनाम्याच्या मेलमध्ये कारण एका ओळीत लिहा आणि शेवटचा दिवस तारखेनिशी. मेल करण्याआधी सेक्शन हेडला समक्ष सांगा. औषध कंपन्यांचं जग फार लहान आहे. वेर्ण्याच्या मॅडम पुढे दुसऱ्या कंपनीत गेल्या आणि माझ्या तिसऱ्या नोकरीची शिफारस त्यांच्याच तोंडून गेली.

न सांगता कामावर येणं बंद करू नका. लॅबमध्ये तुमच्या सहीची पानं अर्धवट राहतात, कंपनी तुम्हाला फरार दाखवते आणि रिलीव्हिंग पत्र अडकतं. नवी कंपनी ते पत्र मागतेच.

थोड्या महिन्यांची नोकरी बायोडेटातून गाळू नका. पीएफ कापला गेला असेल तर यूएएनच्या सर्व्हिस हिस्ट्रीत ती दिसते आणि मग सात महिन्यांपेक्षा लपवाछपवी महागात पडते. मुलाखतीत मला विचारलं, इतक्या लवकर का सोडली? मी सांगितलं, "सात महिन्यांत लॅबमध्ये एकही सॅम्पल आलं नाही." समोरच्यांनी मान हलवली आणि पुढचा प्रश्न क्रोमॅटोग्राफीवर विचारला.

नोटीसच्या काळात करायची कामं: तुमच्या नावावरच्या वह्या आणि लॉगबुकं पूर्ण करून परत करा आणि परत केल्याची पोच घ्या. सॉफ्टवेअरमधला तुमचा लॉगिन बंद केल्याची खात्री करा, तुमच्या मागे तुमच्या नावाने कुणी काम करता कामा नये. मान्यताप्राप्त केमिस्ट म्हणून तुमचं नाव कंपनीच्या परवान्यावर असेल, तर बदल एफडीएला कळवल्याच्या पत्राची प्रत मागा. पूर्ण हिशेब कोणत्या तारखेला होणार, ते एचआरकडून मेलवर लिहून घ्या. पीएफच्या पोर्टलवर कंपनीने नोकरी सोडल्याची तारीख भरली का बघा. भरली नसेल तर शेवटचं योगदान जमा झाल्यानंतर दोन महिन्यांनी तुम्ही स्वतः भरू शकता. आणि नव्या कंपनीला या वर्षातला जुना पगार व कापलेला कर लगेच कळवा. नाही कळवला तर दोन्हीकडे कराची सूट धरली जाते आणि रिटर्न भरताना एकदम मोठी रक्कम भरावी लागते.

अनुभवाचं पत्र हातात आलं की तिथेच उभं राहून वाचा. रुजू झाल्याची तारीख, सोडल्याची तारीख, विभागाचं नाव आणि पद. माझ्या पत्रात "क्यूसी"च्या जागी "क्यूए" पडलं होतं. गेटपास परत करण्याआधी लक्षात आलं, म्हणून अर्ध्या तासात दुरुस्त करून मिळालं.